ओळंब्याखालची माणसं

२०२५ सालच्या नवरात्रात, सप्टेंबर संपता संपता, कोल्हापुरात फुलेवाडीला महापालिकेच्या अग्निशमन केंद्राच्या नव्या इमारतीचा स्लॅब कोसळला. एक कामगार जिवानिशी गेला, आणखी काही जखमी झाले. जिथून शहरभर मदतीच्या गाड्या धावायच्या, तिथल्याच ढिगाऱ्यातून माणसं काढायची वेळ आली. खंडेनवमी तोंडावर होती. गवंडी आपली थापी, सेंट्रिंगवाले आपले हातोडे आणि फॅब्रिकेटर आपले ग्राइंडर पूजेसाठी पुसूनपासून ठेवतात, ते हे दिवस.

स्लॅब कोसळला की त्याची बातमी होते. पण बांधकामावर वरून पडणाऱ्या आणि बाजूने उडणाऱ्या वस्तूंनी होणाऱ्या बहुतेक इजा पेपरात येत नाहीत. टाळूला चार टाके पडतात, खांद्याचं हाड मोडतं, सेंट्रिंगची प्लेट पडून पायाचं बोट चेचतं, डोळ्यात लोखंडाचा कण रुततो. माणूस दोन दिवस घरी बसतो, रोज बुडतो, तिसऱ्या दिवशी पट्टी बांधून पुन्हा कामावर येतो. 'नशीब म्हणून वाचला' एवढीच त्याची नोंद. वाचला नाही, तरी दोष नशिबालाच.

मला या नशिबाविषयीच बोलायचं आहे. वीट वरून पडते आणि मार खालच्याला बसतो. ती पडू नये म्हणून जे करायचं ते सगळं वरच करावं लागतं, आणि वर काय असावं हे खालचा माणूस ठरवत नाही. ते मालक, ठेकेदार आणि इंजिनिअर ठरवतात. म्हणून बांधकामावरच्या सुरक्षिततेची सुरुवात खालच्या माणसाच्या डोक्यापासून करणं हीच मोठी चूक आहे. ती वरच्या कडेपासून करायला हवी.

दोन सेकंद

मातीची भाजलेली वीट साधारण तीन किलोची असते. तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे सुमारे दहा मीटरवरून, ती सुटली तर दीड सेकंदाच्या आत जमिनीवर येते आणि पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. वीस मीटरवरून तिला दोन सेकंद लागतात आणि वेग ७० किलोमीटरवर जातो. दहाव्या मजल्यावरून, तीस मीटर धरले तर, अडीच सेकंद आणि ताशी ८७ किलोमीटर. हल्ली विटेऐवजी एएसी ब्लॉक सर्रास वापरतात. तो हलका म्हणून ओळखला जातो, पण ६०० बाय २०० बाय १५० मिलिमीटरचा कोरडा ब्लॉकही दहा-अकरा किलो भरतो.

वरून कुणी 'सरका, सरका' म्हणून ओरडलं तर काय होतं ते पाहा. आवाज कानावर पडतो. तो आपल्यासाठी आहे हे कळायला क्षण जातो. मग माणूस हमखास मान वर करतो. काय येतंय, कुठून येतंय हे दिसेपर्यंत वेळ संपलेली असते, आणि डोक्याऐवजी आता चेहरा पुढे झालेला असतो. ओरडून सावध करणं हा उपाय नव्हे. तो उपाय नसल्याचा पुरावा आहे.

दुसरी गोष्ट, ओळंबा सोडला की सरळ खाली येतो, पण वीट तशी येत नाही. ती परांचीच्या आडव्या पाइपाला लागते, छज्ज्याच्या कडेवर आपटते, तिचे तुकडे होतात आणि ते बाजूला उडतात. त्यामुळे धोक्याची जागा इमारतीच्या भिंतीला लागून संपत नाही. ती फुटपाथवर येते आणि रस्त्यावरही येते.

कोल्हापूरला हा हिशेब नव्याने करायची गरज आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतले वाडे आणि कौलारू घरं, त्यांच्या जागी आलेल्या तीन-चार मजली इमारती, एवढीच या शहराची उंची अनेक वर्षं होती. डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू झाली, जमिनीचे भावही चढत गेले, आणि इमारती वर सरकल्या. नागाळा पार्क, ताराबाई पार्क, राजारामपुरीत आठ-दहा मजल्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. रस्ते मात्र होते तेवढेच आहेत. कामाच्या सवयीही बऱ्याच ठिकाणी दुमजली घरं बांधतानाच्याच राहिल्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरून फळी खाली टाकणारा हात आठव्या मजल्यावरूनही ती तशीच टाकतो.

हेल्मेट कुठवर पुरतं

सुरक्षितता म्हटलं की आपल्याकडे पिवळं हेल्मेट डोळ्यांपुढे येतं. ते हवंच. पण त्याची ताकद किती, हे प्रत्येक ठेकेदाराला माहीत असायला पाहिजे. बांधकामावरच्या हेल्मेटसाठी ईएन ३९७ नावाचं युरोपीय मानक आहे. त्याच्या चाचणीत पाच किलोचं वजन एक मीटर उंचीवरून हेल्मेटवर टाकतात, आणि डोक्यापर्यंत पोचणारा जोर पाच किलोन्यूटनच्या आत राहिला तर ते पास. हा मार म्हणजे तीन किलोची वीट साडेपाच फुटांवरून पडल्याएवढा आहे. तीच वीट वीस मीटरवरून आली तर मार बारा पट होतो.

याचा अर्थ हेल्मेट कुचकामी आहे असा नाही. त्याच वीस मीटरवरून शंभर ग्रॅमचा नटबोल्ट पडला, तर हेल्मेट घातलेला माणूस डोकं चोळत शिव्या देतो आणि न घातलेला दवाखान्यात जातो. सळईचे तुकडे, खडी, गिलाव्याचे पोपडे, निसटलेला पाना, अशा रोजच्या माऱ्यापुढे हेल्मेट भक्कम उभं राहतं. मात्र ते घेताना आयएस २९२५ या भारतीय मानकाचा आयएसआय शिक्का बघायचा, हनुवटीखालचा पट्टा बांधायचा, आणि एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट वरून धड दिसत असलं तरी टाकून द्यायचं. कवच आणि आतल्या पट्ट्यांचा पिंजरा यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिच्यातच मार जिरतो. त्या जागेत तंबाखूची पुडी, मोबाईल किंवा घडी केलेला रुमाल ठेवला की हेल्मेटचा निम्मा उपयोग तिथेच गेला.

आणि बांधकामावर एक माणूस असा आहे, ज्याला हेल्मेट घालताच येत नाही. डोक्यावर घमेलं वाहणारी बाई. ती चुंबळ करते, चुंबळीवर घमेलं ठेवते आणि मान ताठ धरून चालते. चुंबळीवर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटवर घमेलं ठरत नाही. शिवाय घमेलं डोक्यावर असताना तिला मान वर करता येत नाही, झटकन बाजूला होता येत नाही. सगळ्या साइटवर सर्वांत कमी पगार तिला, सर्वांत जास्त फेऱ्या तिच्या, आणि प्रत्येक फेरी इमारतीच्या कडेखालून. तिच्या डोक्यावर हेल्मेट का नाही, असं विचारून निरीक्षकाने दंड ठोकला तरी काही बदलत नाही. तिच्या डोक्यावरचं ओझं काढायला हवं. हातगाडी आणि लिफ्ट लावली, माल वर जायची जागा आणि माणसं चालायची वाट वेगळी केली, तरच तिचं डोकं हेल्मेटसाठी मोकळं होईल. केंद्राच्या १९९८ च्या बांधकाम कामगार नियमांत डोक्यावर-खांद्यावर वाहायच्या ओझ्यालाही मर्यादा आहे. पुरुषाला ५५ किलो आणि स्त्रीला ३०.

तिचं मूलही इथेच असतं. तळमजल्यावरच्या दोन खांबांना साडीची झोळी बांधून तान्ह्याला निजवलेलं असतं, थोडं मोठं असेल ते वाळूच्या ढिगावर खेळतं. काम चालू असलेल्या कडेपासून दूर, पक्क्या छताखाली, कुंपण घातलेली एक खोली पहिल्या दिवशीच मुलांसाठी राखून ठेवायला फारसा खर्च येत नाही. ती राखायची असं कुणीतरी ठरवायला मात्र लागतं.

कडेवरची सहा इंच फळी

वस्तू वरून का पडते? बहुतेक वेळा तिला कडेवर अडवायला काही नसतं म्हणून. परांचीच्या फळ्यांच्या बाहेरच्या बाजूला सहा इंच उंचीची आडवी फळी ठोकली की पायाने ढकलली गेलेली वीट, घरंगळलेली थापी, सांडलेली खडी तिथेच अडते. बांधकामाच्या भाषेत तिला टो बोर्ड म्हणतात. सेंट्रिंगची टाकाऊ फळीही त्याला चालते. तिच्या वर माणसासाठी कमरेएवढा कठडा आणि दोन्हींच्या मध्ये जाळी. तेवढं झालं की पडणाऱ्या वस्तूंचा मोठा भाग जागच्या जागी थांबतो.

इमारतीला गुंडाळलेली हिरवी जाळी हल्ली सगळीकडे दिसते. ती धूळ आणि गिलाव्याचे शिंतोडे अडवते. पण वीट अडवण्यासाठी ती नसते. तिच्या भरवशावर कठडा आणि फळी वगळणं म्हणजे रस्त्यावरच्यांच्या डोळ्यांवर पडदा टाकणं.

पुढचे नियम साधे आहेत, पण ते रोज पाळावे लागतात. विटांची थप्पी कडेपासून आत लावायची, आणि अडवणाऱ्या फळीच्या वर ती जाणार असेल तर तिला जाळीने बांधायचं. खिडकीच्या उंबऱ्यावर, छज्ज्यावर, परांचीच्या पाइपावर हत्यार ठेवायचं नाही. उंचावर काम करणाऱ्याचा पाना आणि हातोडा मनगटाला किंवा पट्ट्याला दोरीने बांधलेला असावा. सुटे नटबोल्ट, खिळे, क्लॅम्प खिशात किंवा फळीवर न ठेवता पिशवीत ठेवायचे. परदेशात या दोऱ्या तयार विकत मिळतात. शिवाजी उद्यमनगरात इंजिनांचे सुटे भाग घडवणाऱ्या हातांना त्या बनवणं अवघड नाही, मागणी मात्र पाहिजे.

राडारोड्याची गोष्ट याहून गंभीर आहे. वरच्या मजल्यावरची खरमाती, फुटक्या विटा आणि फरशीचे तुकडे घमेल्यात भरून खिडकीतून खाली भिरकावायचे, ही आपल्याकडची सर्रास रीत. तळ कापलेली पिंपं एकात एक अडकवून, साखळीने बांधून त्यांची नळी केली, ती वरपासून खालपर्यंत सोडली आणि तिचं खालचं तोंड पत्र्याने बंदिस्त केलं की राडारोडा कुणाच्या अंगावर न येता खाली जातो. धूळही कमी उडते, शेजारी भांडायला येत नाहीत.

माल वर नेतानाही हेच. गल्लीबोळातल्या कामांवर छतावर बसवलेली छोटी विजेची लिफ्ट आता घरोघर दिसते. तिच्या हुकाला अडसराची पट्टी असते, ती बहुधा तुटलेली असते. बाजू नसलेल्या फळकुटावर विटा रचून त्या वर ओढल्या जातात. पेटीत किंवा जाळीत माल भरायचा, हुकाचा अडसर शाबूत ठेवायचा, दोर रोज सकाळी डोळ्यांखालून घालायचा, आणि माल हवेत असताना त्याच्या खाली कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. एवढ्या चार गोष्टी सांभाळल्या तरी किती डोकी वाचतील!

रस्त्यावरचा माणूस

बांधकामावरच्या कामगाराला निदान धोका कुठे आहे याचा अंदाज असतो. रस्त्याने जाणाऱ्याला तोही नसतो. १४ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत वरळीला बांधकाम चालू असलेल्या गगनचुंबी इमारतीवरून अवजड तुकडा खाली आला आणि दोन माणसं गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये जोगेश्वरी पूर्वेला कामावर निघालेल्या एका तरुणीच्या डोक्यावर बांधकामावरून सिमेंटचा ब्लॉक पडला आणि ती दगावली. या माणसांचा त्या इमारतींशी काहीही संबंध नव्हता. त्यांनी कोणता नियम मोडला नव्हता. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असावं अशी अपेक्षाही कुणी करणार नाही.

त्यांच्यासाठीच १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकेचाळिसावा नियम आहे. पूर्ण झाल्यावर पंधरा मीटर किंवा त्याहून उंच होणाऱ्या प्रत्येक इमारतीच्या भोवती बांधकामाच्या काळात आडवं संरक्षक छप्पर हवं. ते किमान दोन मीटर रुंद असावं, जमिनीपासून पाच मीटरच्या आत असावं, आणि त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा १५० मिलिमीटरने उंच असावी, म्हणजे वर पडलेली वस्तू बाहेर न घरंगळता इमारतीकडे येईल. ज्या भागात वस्तू पडू शकतात तो दोरी किंवा कठड्याने बंद करावा. पंधरा मीटर म्हणजे साधारण पाच मजले. कोल्हापुरातल्या नव्या इमारतींपैकी पुष्कळ या मापात बसतात. आपल्या रोजच्या रस्त्यावरच्या बांधकामाभोवती असं छप्पर दिसतं का, हे वाचकांनी स्वतः मान वर करून पाहावं, अर्थात पलीकडच्या फुटपाथवरून.

असे नियम जगात कुठेच आपोआप आलेले नाहीत. न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली एका विद्यार्थिनीच्या डोक्यावर इमारतीच्या दर्शनी भागाचा तुकडा पडून ती गेली. पुढच्याच वर्षी सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागांची ठरावीक काळाने तपासणी करण्याचा कायदा तिथे झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाचं काम १९३३ ते १९३७ चाललं. तिथे हेल्मेट सक्तीचं होतं आणि पुलाखाली जाळं बांधलं होतं. त्या जाळ्याने एकोणीस कामगारांना वाचवलं. फेब्रुवारी १९३७ मध्ये कामाचं अवजड मचाण जाळं फाडून खाली गेलं आणि दहा माणसं मेली. माणूस झेलण्यापुरतं जाळं केलेलं होतं, मचाण झेलण्यापुरतं नाही. झेलायची सोय करताना काय पडू शकतं याचा हिशेब आधी करावा लागतो, हे त्या दहा जिवांनी शिकवलं.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत हा प्रश्न आणखी वेगळा होतो. इथे नवं बांधण्याआधी जुनं पाडावं लागतं. वाड्याच्या दगड-विटांच्या भिंती जाड असतात, शेजारच्या घराची भिंत बहुधा सामाईक असते, आणि समोर जेमतेम रिक्षा जाईल एवढी गल्ली. पाडकाम वरून खाली, एकेक थर उतरवत करायचं असतं. खालून भिंत पोखरून ती एकदम लोळवणं सोपं वाटतं, पण ती कुठे लोळेल हे कुणाच्याच हातात राहत नाही. पावसाने भिजलेल्या मातीच्या भिंतीला तर कोसळायला धक्काही लागत नाही. तेवढ्या वेळेपुरती गल्ली बंद करून शेजाऱ्यांना आधी सांगणं, हा पाडकामाचाच भाग मानला पाहिजे.

स्लॅबचा दिवस

स्लॅबचा दिवस म्हणजे घरमालकासाठी सण. सकाळी नारळ फुटतो, गुलाल लागतो, पेढे वाटले जातात. काम संपलं की सगळ्या टोळीला जेवण. सगळ्या बांधकामात सर्वांत जास्त वजन सर्वांत कच्च्या आधारावर उभं असतं, तेही याच दिवशी.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब घ्या. त्यातलं ओलं काँक्रीट सुमारे २९ टन भरतं. हे सगळं वजन त्या दिवशी प्लेटा, फळ्या आणि टेकूंवर असतं. त्यात माणसं, व्हायब्रेटरचा थरथराट आणि पंप असेल तर पाइपाचे हिसके. सेंट्रिंग खाली बसण्याची कारणं बांधकामातल्या जाणत्यांना पाठ आहेत. टेकू भुसभुशीत भरावावर किंवा सुट्या विटेवर उभा केलेला असतो. दोन बांबू बांधून उंची गाठलेली असते. टेकूंना आडवे-तिरपे बंध नसतात, म्हणून एक सरकला की शेजारचे त्याच्यामागून जातात. काँक्रीट पसरत न जाता एकाच जागी ढीग केलं जातं. छत जितकं उंच तितका प्रत्येक चुकीचा परिणाम मोठा. फुलेवाडीत नेमकं काय चुकलं हे सांगणं चौकशीचं काम आहे. पण पुढच्या प्रत्येक स्लॅबआधी या चार-पाच गोष्टी इंजिनिअरने स्वतः वाकून पाहून सही करणं, हे आपलं काम आहे.

अनेक ठिकाणी स्लॅब चालू असताना टेकू ठोकून बघायला एक माणूस खाली फिरत असतो. त्याच्या डोक्यावर २९ टन असतात. त्याऐवजी प्लेटांच्या तळाला ठिकठिकाणी ओळंबे सोडून त्यांच्या टोकांशी खुणा करून ठेवाव्यात आणि बाहेरून नजर ठेवावी. ओळंबा खुणेखाली उतरला किंवा बाजूला सरकला की काम थांबवून वरची माणसं उतरवायची. खाली कुणीही जायचं नाही.

आणि सेंट्रिंग खोलण्याची घाई. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवस काढायचे नसतात. तुळयांना सहा मीटरपर्यंत चौदा दिवस आणि पुढे एकवीस. प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या आहेत, भाडं चढतंय, म्हणून हे दिवस कापले जातात. खोलताना लोखंडी प्लेट सब्बलीने उचकटून सरळ खाली सोडायची पद्धत आहे. खोलणारा त्याच प्लेटेखाली उभा असतो. प्लेटा हातोहात उतरवायच्या आणि त्या वेळी त्या मजल्यावर दुसरं काम ठेवायचं नाही, हा नियम घालून घेतला तर टाळूला पडणारे कितीतरी टाके वाचतील.

उडणारा कण

वस्तू वरूनच येते असं नाही. ती समोरूनही येते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे फिरतो, म्हणजे त्याच्या चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगाने धावते. त्या वेगाने निघालेला कण डोळा मिटायच्या आत बुबुळात असतो.

ग्राइंडरची चकती हातात घेऊन पाहा. तिच्यावर फेऱ्यांची कमाल मर्यादा आणि वापराची मुदत छापलेली असते. कडेचा वेग सेकंदाला ८० मीटर, ही पातळ कापायच्या चकत्यांवर नेहमी दिसणारी मर्यादा. खोलवर कापायला हवं म्हणून कुणी चार इंची ग्राइंडरचा गार्ड काढतो आणि त्यावर सात इंची चकती चढवतो. आता तिच्या कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर गेला. ती चकती फुटणार, प्रश्न फक्त कधी एवढाच. कापायच्या पातळ चकतीने बाजूने घासलं तरी ती तडकते. गार्ड हा अडथळा वाटतो, पण चकती फुटली की तिचे तुकडे आणि माणसाचं तोंड यांच्यामध्ये तोच एक असतो.

छिन्नीचंही तसंच. हातोड्याचे घाव खाऊन छिन्नीचं डोकं फुलतं, त्याच्या कडा बाहेर वळतात. पुढच्या एखाद्या घावाला त्यातली कपची बंदुकीच्या छऱ्यासारखी सुटते. फुललेलं डोकं घासून सरळ करायला दोन मिनिटं लागतात. भिंत टाचताना, फरशी कापताना, काँक्रीटमध्ये खिळा ठोकताना चष्मा हवा, साधा नव्हे, बाजू झाकणारा पॉलिकार्बोनेटचा. तो शंभर-दीडशे रुपयांत मिळतो.

हे कोल्हापूरला सांगायची गरज पडू नये. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथल्या फौंड्र्यांनी ग्राइंडिंग आणि फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भागांवरचं जादा लोखंड काढण्यावर, पिढ्या घडवल्या आहेत. चकती कशी वाजवून तपासायची, गार्ड का काढायचा नाही, डोळ्यात कण गेला तर काय होतं, हे इथल्या कामगाराला माहीत आहे. तोच माणूस किंवा त्याचा भाऊ संध्याकाळी एखाद्या साइटवर रेलिंग जोडायला जातो, तेव्हा चष्मा कारखान्यातच राहतो, कारण साइटवर तो मागणारं कुणी नसतं. ज्ञान शहरात आहे. ते कारखान्याच्या गेटबाहेर आणायचं आहे. फौंड्री संघटना, इंजिनिअरिंग असोसिएशन, बांधकाम व्यावसायिकांची क्रेडाई कोल्हापूर आणि वास्तुविशारद-अभियंत्यांची संघटना एकत्र बसली तर हे एका मोसमात होण्यासारखं आहे.

वळवाचं वारंही विसरून चालणार नाही. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात दुपारी आभाळ भरून येतं आणि पाऊण तासात होत्याचं नव्हतं होतं. वरच्या मजल्यावर सुटे ठेवलेले पत्रे, प्लाय, थर्माकोल, रिकामी पोती त्या वाऱ्यात उडतात. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अशाच वादळात जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून सतरा जण गेले. मार्च संपला की रोज काम थांबवताना वरचा सगळा सुटा माल बांधून ठेवायचा किंवा खाली आणायचा, आणि वारं उठलं की परांचीवरून माणसं उतरवायची. परांचीला बांधलेल्या जाळीत वारं भरतं, म्हणून तिची भिंतीशी घेतलेली बांधणी वळवाच्या आधी तपासायची.

लागलंच तर

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, बोलू लागला, पाणी प्याला की सगळे निवांत होतात. इथेच घात होतो. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर माणूस काही वेळ अगदी ठीक असतो आणि मग खाली जातो. उलटी, गुंगी, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करून सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं. मानेला मार असेल तर त्याला उचलून रिक्षात कोंबायचं नाही. त्या रात्री त्याला साइटवरच्या खोलीत एकट्याने झोपू द्यायचं नाही.

डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने कण काढून देणारा जाणकार प्रत्येक साइटवर असतो. त्याच्याकडे न जाता डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं, कारण लोखंडाचा कण बुबुळात गंजतो. काही रुतून बसलं असेल तर ते ओढायचं नाही, डोळ्यावर दाब न देता कप उपडा ठेवून झाकायचं. सिमेंट किंवा चुना उडाला तर तिथल्या तिथे पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवायचा आणि मग निघायचं. हा मजकूर मराठीत, हिंदीत आणि कानडीत छापून प्रत्येक साइटच्या पाण्याच्या टाकीशी लावायला हरकत काय आहे?

पैसा आणि जबाबदारी

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा १९९६ पासून होता, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर गोळा होतो. त्यातून राज्याचं कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगाराला सुरक्षा संच देतं, आणि कामावर मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख रुपये. त्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवण्यासाठी आणि मंडळाचे लाभ पदरात पडण्यासाठी कोल्हापुरात लाल बावटा बांधकाम कामगार संघटनेने कितीतरी मोर्चे काढले आहेत. पण यातला बहुतेक पैसा अपघात झाल्यावरचा आहे. वीट पडू नये म्हणून कडेवर ठोकायच्या फळीला त्यात खातं नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९० इथे महत्त्वाचं आहे. जुन्या दंड संहितेत इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना केलेल्या निष्काळजीपणाला शिक्षा होती. नव्या कलमात इमारत बांधतानाचाही समावेश झाला. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या बाजूला, नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत स्वतःच्या राहण्यासाठीचं पन्नास लाखांपर्यंतचं बांधकाम कक्षेबाहेर आहे. १९९६ च्या कायद्यात ही मर्यादा दहा लाख होती. कोल्हापूरच्या उपनगरांत आणि आसपासच्या गावांत उठणाऱ्या घरांपैकी पुष्कळ याच मापातली आहेत. म्हणजे तिथे निरीक्षक येणार नाही. तिथे घरमालक आणि गवंडी, दोघांचीच शुद्ध.

म्हणून माझं मागणं कागदावरच्या एका ओळीचं आहे. ठेका चौरस फुटावर ठरतो. जो कमी दर देतो त्याला काम मिळतं, आणि दर कमी करताना पहिल्यांदा कठडा, फळी, छप्पर आणि चष्मे गळतात. हा खर्च दरात मिसळूच नये. प्रत्येक करारात, प्रत्येक निविदेत सुरक्षेची बाब वेगळी लिहावी, तिची रक्कम ठरलेली असावी, आणि ती काम दिसल्यावरच अदा व्हावी. मग ती वाचवून कुणालाच फायदा उरणार नाही. महापालिकेने हे आधी स्वतःच्या कामांवर करावं, फुलेवाडीनंतर तर नक्कीच. पंधरा मीटरच्या वरच्या इमारतीला जोत्याच्या तपासणीला जाणाऱ्या अभियंत्याने पुढच्या टप्प्यावर एकेचाळिसाव्या नियमातलं छप्पर आहे की नाही तेही पाहावं, आणि नसेल तर काम थांबवावं. वास्तुविशारदांनी आराखड्यातच माल वर नेण्याची जागा, माणसांची वाट आणि मुलांची खोली दाखवावी.

घर बांधायला काढलेल्या माणसाला हे जड वाटू नये. फरशी कोणती घ्यायची यावर तो महिनाभर दुकानं पालथी घालतो. त्याने ठेकेदाराला एवढंच विचारावं, की कडेवरची फळी कधी ठोकणार, राडारोडा कशातून उतरवणार, स्लॅब चालू असताना खाली कोण असणार. ही उत्तरं मिळेपर्यंत कामाचा नारळ फोडू नये. ज्या घरात आपली मुलं वाढणार, त्याच्या बांधकामात कुणाच्या मुलाचा बाप जाऊ नये, ही जबाबदारी घर ज्याच्या नावावर आहे त्याची आहे.